नेपाळमधल्या छोट्या संस्थेला मदत करताय? या चुका टाळा

आमच्या सोसायटीचे रात्रपाळीचे वॉचमन अछामचे. पश्चिम नेपाळातल्या अछाम, डोटी, बझाङ, बाजुरा या डोंगरी जिल्ह्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबई-पुण्याला कामाला येतात. त्यांच्याच ओळखीतून एका छोट्या संस्थेशी आमची गाठ पडली. नवरा परमुलखात आणि शेतातलं धान्य वर्षभर पुरत नाही, अशा घरांतल्या बायकांना ही संस्था शेळ्या घेऊन देते, मुलांचा शाळेचा खर्च बघते, आजारी माणसाला दवाखान्यापर्यंत नेते. दोन पगारी माणसं आणि एक खोली, एवढाच त्यांचा पसारा. आम्ही अकरा घरं मिळून त्यांना पैसे पाठवतो. सुरुवातीला आमच्या हातून बऱ्याच चुका झाल्या आणि त्यांचा त्रास त्या दोघांना झाला, म्हणून हे लिहितेय.

सामान पाठवू नका

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळमध्ये सुमारे ९,००० माणसं गेली. तेव्हा आम्ही घरोघर फिरून कपडे जमवले आणि दुसऱ्या एका गटामार्फत पाठवले. माझ्या कपाटातल्या चार जरीच्या साड्याही त्यात होत्या. घर कोसळलेलं, पाऊस महिना-दीड महिन्यावर आलेला. तिथल्या बाईला हवी होती ताडपत्री आणि छपरासाठी जस्तापाता, म्हणजे आपले पत्रे. आमच्या गठ्ठ्यांच्या वाहतुकीला जेवढे पैसे लागले, तेवढ्यात तिकडच्या बाजारातून पत्रे आले असते. पैसेच पाठवा. तिथल्या दुकानदाराचंही घर त्यावर चालतं.

‘अनाथ’ शब्द ऐकून विरघळू नका

यावर मी जरा जास्त बोलणार आहे. १९९६ ते २००६ या यादवी युद्धाच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांत दलाल फिरले. ‘मुलाला काठमांडूत शिकवतो’ म्हणून त्यांनी आईबापांकडूनच पैसे घेतले आणि मुलं शहरात नेऊन ‘अनाथ’ म्हणून दाखवली. नेपाळमधल्या अनाथाश्रमांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई-वडील, निदान दोघांतलं एक जण, हयात असल्याचं पुढे वारंवार समोर आलं. असे आश्रम जास्त करून काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवरच का, याचं उत्तर त्यातच आहे. देणगीदार तिथे येतो, म्हणून मूलही तिथे आणलं जातं. आपण कळवळून दिलेला पैसा आणखी एका आईपासून मूल तोडायला कारण होऊ शकतो.

म्हणून संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारा: मूल कुठे राहतं? ‘आईजवळ, गावात’ असं उत्तर आलं तर पुढे बोला. ‘आम्हाला एक मूल दत्तक द्या, त्याचे फोटो दरमहा पाठवा’ असा आग्रहही नको. एका घरातल्या एकाच मुलाला नवा गणवेश आला की धाकट्या बहिणीला काय वाटतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. घराला मदत करा.

हिशेब जुळत नाही?

आमच्या गटातल्या एक ताई बँकेतून निवृत्त झालेल्या. पहिला अहवाल हातात पडला आणि त्या म्हणाल्या, ‘यावर साल २०८१/८२ कसं? आणि मार्चअखेरचा ताळेबंद कुठाय?’ आम्ही दोन महिने पैसे रोखले. चूक सगळी आमची. नेपाळात सरकारी कारभार विक्रम संवतावर चालतो. आर्थिक वर्ष साउन महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यावर सुरू होतं आणि पुढच्या वर्षी असारअखेर संपतं. २०८१/८२ म्हणजे जुलै २०२४ ते जुलै २०२५. लेखापरीक्षण त्यानंतर होतं. त्यांचे महिने सौर आहेत, त्यामुळे आपल्या आषाढ-श्रावणाशी त्यांची तारीख जुळवायला जाऊ नका.

दुसरा घोळ रुपयाचा. एका शेळीचे १२,००० वाचून आम्ही चपापलो होतो. ते नेपाळी रुपये होते. भारताचे १०० म्हणजे नेपाळचे १६०, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. शेळी पडली ७,५०० ला. आकड्यापुढे ‘ने.रू.’ आहे की ‘भा.रू.’ ते आधी बघा.

आपली एक मोठी सोय म्हणजे नेपाळी देवनागरीत लिहितात. जिल्हा प्रशासन कार्यालयाचं नोंदणीपत्र, त्याचं नवीकरण आणि लेखापरीक्षणाचा अहवाल मागून घ्या. थोडं अडखळत का होईना, स्वतः वाचता येतो.

पैसे कुठून जातात?

कुणाच्याही खासगी खात्यात पाठवू नका, माणूस कितीही विश्वासू असला तरी. परदेशी मदत घ्यायला तिथल्या संस्थेला समाजकल्याण परिषदेची मंजुरी लागते. ती आहे का विचारा. नेपाळी कामगारांना घरी पैसे पाठवता यावेत म्हणून २००८ पासून बँकांमार्फत जी सोय आहे, ती माणसाकडून माणसाला आहे, देणगीसाठी तिचा आडमार्ग करू नका. आपल्या बँकेत जाऊन ‘परदेशी संस्थेला देणगी’ असं स्पष्ट सांगा आणि काय कागद लागतात ते विचारा. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हे आधीच धरून चाला.

निरोपाला उत्तर येत नाही?

लगेच संशय घेऊ नका. पावसाळ्यात ‘पहिरो’ येतो, म्हणजे दरड कोसळते, आणि रस्ता, वीज, फोन सगळं बंद पडतं. दशैं-तिहारला, म्हणजे त्यांच्या दसरा-दिवाळीला, माणसं घरी जातात. काळजी करायची ती वेगळ्या गोष्टींची: अहवाल मागितला की टाळाटाळ, खातं अचानक बदलणं, दरवर्षी तोच फोटो.

‘आमचे पैसे फक्त शेळ्यांना, पगाराला नाही’ ही अट आम्हीही घातली होती. मग शेळी आजारी पडली तेव्हा चढ चढून त्या वाडीवर जायला माणूसच नव्हता, कारण त्याला तीन महिने पगार मिळाला नव्हता. ती शेळी गेली, पोटात करडू होतं.

आता दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अकरा घरांतून ठरलेली रक्कम जमते. साउन लागायच्या आधी आम्ही एकदाच विचारतो, ‘येत्या वर्षी काय हवंय?’ मागच्या वेळी उत्तर आलं: घरोघर फिरणाऱ्या ताईंचा वर्षाचा पगार, आणि त्यांच्यासाठी पावसात घालायचे एक जोडी बूट.