ख्मेरांचा इतिहास अभ्यासमंडळात कसा मांडावा

कोल्हापुरातील वाचनालयात किंवा अभ्यासमंडळात कंबोडियावर, म्हणजे ख्मेर लोकांच्या देशावर, व्याख्यान ठरले की वक्ता बहुधा अंकोर वाटची छायाचित्रे घेऊन येतो आणि वेळ संपेपर्यंत तेथेच रमतो. पहिल्या खेपेस मीही तेच केले आणि पोल पॉटची राजवट शेवटच्या दहा मिनिटांत उरकली. निघताना एका आजींनी विचारले, "ती देवळं बांधणाऱ्यांची नातवंडं-पतवंडं आता कशी हायत?" मला धड उत्तर देता आले नाही. तेव्हापासून मी हा विषय ज्या रीतीने मांडतो, ती येथे लिहीत आहे.

सुरुवात खिद्रापूरपासून करावी, कारण कोपेश्वराचे मंदिर आपल्या श्रोत्यांनी पाहिलेले असते. ज्या बाराव्या शतकात शिलाहारांच्या राज्यात कृष्णाकाठी ते काम चालले होते, त्याच शतकाच्या पूर्वार्धात दुसरा सूर्यवर्मन अंकोर वाट उभारत होता, एवढे सांगितले की काळ मनात पक्का बसतो. मात्र येथेच एक मोह आवरावा. संस्कृत शिलालेख आणि विष्णूचे मंदिर पाहून ते सारे "आपलेच" म्हणू नये. ख्मेर राजांनी भारतातून आलेल्या कल्पना स्वीकारल्या, पण राज्य, शेती, जलाशय आणि शिल्प त्यांचे स्वतःचे होते, आणि संस्कृतच्या जोडीने शिलालेख ख्मेर भाषेतही कोरलेले आहेत. इ.स. ८०२ मधील दुसऱ्या जयवर्मनाचा राज्याभिषेक आणि बौद्ध असलेल्या सातव्या जयवर्मनाने बांधलेली रुग्णालये यांचा उल्लेख पुरेसा आहे. १८६३ चे फ्रेंच संरक्षण आणि १९५३ चे स्वातंत्र्य दोन वाक्यांत सांगून पुढे जावे.

ख्मेर रूज, म्हणजे पोल पॉटचा कम्युनिस्ट गट, आकाशातून पडले, असे श्रोत्यांना वाटू देऊ नये. १९६९ ते १९७३ या काळात अमेरिकेने कंबोडियाच्या ग्रामीण भागावर केलेली बॉम्बफेक, मार्च १९७० मध्ये राष्ट्रप्रमुख सिहानुक यांना पदच्युत करून लॉन नोल यांनी घेतलेली सत्ता आणि त्यानंतरचे यादवी युद्ध यांची साखळी नीट जोडून दाखवावी. कारणे सांगणे म्हणजे गुन्हेगारांची बाजू घेणे नव्हे, हेही स्पष्ट बोलावे.

१७ एप्रिल १९७५ या दिवसावर थांबावे. ख्मेर रूजने राजधानी नॉम पेन्ह काबीज करताच रुग्णालयातील रुग्णांसकट सारे शहर खेड्यांकडे हाकलण्यात आले. पैसा, बाजार, शाळा आणि मठ बंद झाले. शहरातून आलेल्यांना "नवे लोक" ठरवून सर्वांत कमी अन्न दिले गेले, आणि "अंग्कार", म्हणजे संघटना, हा एकच शब्द सर्व हुकमांमागे उभा राहिला. आजरा-भुदरगडकडचे भात पिकवणारे श्रोते असतील तर त्यांना हे अवश्य सांगावे की, हेक्टरी तीन टन भाताचे उद्दिष्ट लादले गेले होते आणि त्या देशाची पूर्वीची सरासरी त्याच्या निम्म्याहून कमी होती. जीव वाचवण्यासाठी स्थानिक अधिकारी फुगवलेले आकडे कळवीत, त्या आकड्यांवरून धान्य उचलले जाई, आणि पिकवणाऱ्याच्या वाट्याला पातळ पेज उरे. जानेवारी १९७९ पर्यंत सुमारे ८० लाखांच्या त्या देशात अंदाजे १७ ते २० लाख माणसे उपासमार, रोग, अतिश्रम आणि हत्या यांमुळे मरण पावली.

आकडा ऐकून माणूस सुन्न होतो, पण त्याला काही दिसत नाही. म्हणून एकच जागा जवळून दाखवावी. नॉम पेन्हमधील तुओल स्लेंग हा ख्मेर रूजचा तुरुंग आधी शाळा होती. वर्गांत विटांच्या ओबडधोबड भिंती घालून कोठड्या केल्या गेल्या, आणि छळाला कंटाळून कैद्यांनी उडी मारू नये म्हणून व्हरांड्यांना काटेरी तारांची जाळी लावली गेली. तेथे किमान १२,००० जण मारले गेले, असे ख्मेर रूजच्या पुढाऱ्यांवर खटले चालवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने कंबोडियात स्थापन झालेल्या न्यायालयाने नोंदवले आहे. कैद्यांची छायाचित्रे तुरुंगाधिकाऱ्यांनीच काढली होती. त्यांपैकी दोन-तीनच दाखवावीत आणि ती पडद्यावर असताना आपण बोलू नये. कवट्यांची छायाचित्रे मी दाखवत नाही.

"वंशसंहार" हा शब्द जपून वापरावा. २०१८ मध्ये त्याच न्यायालयात ख्मेर रूजचे पुढारी नुओन चेआ यांना चाम मुस्लिम आणि व्हिएतनामी या कंबोडियातील अल्पसंख्याकांच्या वंशसंहाराबद्दल, तर त्या राजवटीचे राष्ट्रप्रमुख ख्यू साम्फान यांना व्हिएतनामींच्या वंशसंहाराबद्दल दोषी ठरवले गेले. ख्मेरांनीच ख्मेरांच्या केलेल्या हत्या मुख्यतः मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हणून नोंदल्या गेल्या. हा कायद्यातला भेद आहे, त्याने कोणाचे दुःख लहान ठरत नाही.

नंतरचा काळ वगळू नये. व्हिएतनामी सैन्याने ख्मेर रूजला हटवले, तरी संयुक्त राष्ट्रांतली जागा पुढेही बरीच वर्षे त्याच गटाकडे राहिली. भारताने मात्र १९८० मध्ये नॉम पेन्हच्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि १९८६ पासून भारतीय पुरातत्त्व खात्याने अंकोर वाटच्या जतनाचे काम केले. पोल पॉट १९९८ मध्ये या न्यायालयासमोर न येताच मेला; तुओल स्लेंगचा प्रमुख दुइख याला जन्मठेप होईपर्यंत २०१२ उजाडले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या ज्या अधिवेशनात आपला पन्हाळा इतर मराठा किल्ल्यांसह जागतिक वारशात गेला, त्याच अधिवेशनात तुओल स्लेंगचीही नोंद झाली.

शेवटी प्रश्नांसाठी वीस मिनिटे राखावीत, आणि त्याआधी राजनृत्याची दोन मिनिटांची चित्रफीत दाखवावी. बहुतेक नर्तक-नर्तकी त्या चार वर्षांत मेल्या होत्या. वाचलेल्यांनी १९७९ नंतर मुलींना जमवून हाताची एकेक मुद्रा आठवणीतून पुन्हा शिकवली. त्या आजी पुढच्या वर्षी आल्या तेव्हा मी उत्तर म्हणून हीच चित्रफीत लावली.