आय-सेव्हन आहे का विचारू नका, शेवटचं अक्षर काय ते विचारा

माझ्या भाच्यानं गेल्या वर्षी हट्टानं इंटेलच्या आय-सेव्हन प्रोसेसरचाच लॅपटॉप घेतला, व्हिडिओ एडिटिंग करायचंय म्हणे, आणि दुकानदार काय, "आय-सेव्हन म्हणजे टॉपच की" म्हणून त्यानं गळ्यात मारला. घरी एक्स्पोर्ट, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची फाइल बनवायला लावली की पहिली दोन मिनिटं सुसाट, मग रखडायचं सुरू. मित्राचा स्वस्तातला आय-फाइव्ह मात्र पुढे. लॅपटॉपमध्ये बिघाड काहीच नव्हता. प्रोसेसरचं पूर्ण नाव बघितलं तर ह्याचा आय-सेव्हन १२५५-यू, मित्राचा आय-फाइव्ह १२४५०-एच, त्या शेवटच्या अक्षराचा एवढाच घोळ.

लॅपटॉप बनवणारे सगळ्यात फास्ट प्रोसेसर कुठला इथून सुरुवातच करत नाहीत हो. बॉडी किती पातळ, पंखा मावतो का, बॅटरी किती तास हवी हे आधी ठरतं, आणि तेवढ्या गरमीत जो बसेल तो प्रोसेसर घेतात, कारण जेवढी वीज खाणार तेवढी गरमी बाहेर काढावीच लागणार. यूची बेस पॉवर, म्हणजे सतत काम करताना खायची ठरवलेली वीज, १५ वॉट, एचची ४५, आणि त्याच पिढीतल्या डेस्कटॉपच्या आय-फाइव्ह १२४०० ची ६५. गंमत म्हणजे कोर, म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, भाच्याच्या यूमध्ये जास्त, १० विरुद्ध ८. पण त्या १० मधले मोठे दोनच, बाकीचे आठ वीज वाचवणारे छोटे. मित्राच्या एचमध्ये मोठे चार.

अ‍ॅपलचंच बघा ना. २००५ मध्ये पॉवरपीसी प्रोसेसर सोडून इंटेलकडे जायचं जाहीर केलं त्यात हेच मोठं कारण होतं, त्यातला जी-फाइव्ह इतका तापायचा की लॅपटॉपमध्ये कधी आलाच नाही. आणि २०२० ला त्यांचा स्वतःचा एम-वन प्रोसेसर आला तो मॅकबुक एअरमध्ये बिनपंख्याचा, १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये पंख्यासकट, चिप तीच. थोड्या वेळाच्या कामात फरक कळत नाही, लांबलचक कामात एअर मागे पडतो.

आता तुमच्याकडचा तपासायचा असेल तर विंडोजवर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्स, मग सीपीयू. वर उजवीकडे पूर्ण नाव दिसेल. मग एखादा मोठा एक्स्पोर्ट लावा आणि चांगली पंधरा मिनिटं खालच्या स्पीडकडे बघत बसा, चहा घ्या हवं तर. भाच्याच्या लॅपटॉपवर आकडा चार गिगाहर्ट्झच्या आसपास सुरू व्हायचा आणि घसरत अडीचच्या खाली जाऊन बसायचा. दुकानात डेमो पीस असेल तर नाव तरी नक्की वाचून घ्या, डब्यावरच्या स्टिकरवर जाऊ नका.

ऑफिस, ब्राउझर, ऑनलाइन क्लास असेल तर यू भरपूर झाला. एडिटिंग, गेमिंग असेल तर एच किंवा त्याहून ताकदवान एचएक्स, वजन आणि पंख्याचा आवाज सहन करायची तयारी ठेवून. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेत शेवटी व्ही दिसला तर बॅटरी छान, पण रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर असते, नंतर वाढवता येत नाही, तेव्हा आधीच ठरवून घ्या. आणि डेस्कटॉप असेंबल करताय आणि शेवटी एफ आहे? मग त्यात ग्राफिक्स नसतं, कार्ड वेगळं घ्यावं लागेल, नाहीतर सगळं जोडून झाल्यावर मॉनिटर काळाच्या काळा, आणि तुम्ही केबल बदलत बसाल.

भाचा आता विकायचं म्हणतोय. मी म्हटलं थांब जरा, कारण ह्याचा सकाळी चार्ज केलेला कॉलेज सुटेपर्यंत चालतो आणि तो एचवाला मित्र लेक्चरला सगळ्यात आधी जाऊन प्लगजवळचा बाक धरतो.