रात्रीची ज्युदो बॅच आणि उडालेली झोप

रात्रीच्या बॅचला नवीन आलेला माणूस पहिल्या आठवड्यात पडायचं कसं ते विचारतो. महिनाभरात तोच जरा चाचरत झोपेचं विचारतो. "दिवसभर काम, वर दीड तास आपटाआपटी, अंग अगदी मोडून येतं. तरी रात्री एक वाजेपर्यंत टक्क जागा. माझंच काही बिघडलंय का?"

बिघडलेलं काही नसतं. रँदोरीत, म्हणजे मोकळ्या झटापटीत, समोरचा माणूस तुम्हाला खरोखर आपटायला बघत असतो. पळताना किंवा जिममध्ये वजन उचलताना असं कोणी अंगावर येत नाही. शरीर त्याला धोका समजतं आणि ॲड्रेनलिन सोडतं. नाडी वाढते, आतलं तापमान चढतं, डोकं लख्ख होतं. झोप लागायला नेमकं याच्या उलट हवं असतं. नाडी मंदावलेली हवी, तापमान उतरणीला लागलेलं हवं आणि डोक्यात काही चाललेलं नको. अंग थकलं म्हणजे झोप येणारच, हा आपला हिशोब इथे चुकतो.

पुण्यात मोठ्यांची बॅच रात्री असण्याला इलाज नाही. संध्याकाळी हॉल लहान मुलांचा. हिंजवडी-खराडीची मंडळी कोथरूडला पोहोचेपर्यंत आठ वाजतात. सदाशिव-नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमधली मुलंही तेव्हाच मोकळी होतात. आठ ते साडेनऊ क्लास, आणि सगळ्यात दमवणारा भाग शेवटच्या अर्ध्या तासात. एवढं गृहीत धरूनच पुढचं बोलू.

रात्री व्यायाम केला की झोप जातेच, असं सरसकट सांगणारे भेटतील. ते खरं नाही. २०१९ मध्ये 'स्पोर्ट्स मेडिसिन' या नियतकालिकात २३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. संध्याकाळच्या व्यायामाने झोप बिघडत नाही, उलट गाढ झोप थोडी वाढते, असं त्यात दिसलं. अडचण होती ती जोरकस व्यायाम संपल्यावर तासाभराच्या आत झोपणाऱ्यांची. म्हणून माझं पहिलं सांगणं असतं की साडेनऊला मॅटवरून उतरलात तर साडेदहाला दिवा मालवू नका. 'उद्या लवकर उठायचंय' म्हणून अंथरुणावर पडून कूस बदलत राहण्यात नुसता वैताग होतो, आणि काही दिवसांत गादी दिसली की जाग यायला लागते. साडेअकरा ही झोपायची वेळ धरा. मधले दोन तास कसे घालवता, त्यावर रात्र ठरते.

त्या दोन तासांची सुरुवात हॉलमध्येच होते. शेवटची झटापट संपली की बरेच जण घड्याळ बघत कोपऱ्यात जाऊन बॅग भरतात. मग सरांनी हाक मारली की धापा टाकतच रांगेत गुडघ्यांवर बसतात आणि 'मोकुसो' म्हटलं की एक डोळा किलकिला ठेवून शेजारच्याकडे बघतात. नवख्यांना हा डोळे मिटून शांत बसण्याचा भाग जपानी शिष्टाचार वाटतो. माझ्या मते पूर्ण क्लासमध्ये झोपेच्या दृष्टीने एवढी एकच गोष्ट फुकट मिळते. त्याआधी पाच मिनिटं मॅटभोवती चालत श्वास खाली येऊ द्या. मग बसल्यावर श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. चार मोजत घ्या, सहा-सात मोजत सोडा. आकड्यांशी भांडू नका, सोडणं लांबलं की पुरे. तुमच्याकडे हे मिनिटभरात उरकत असतील, तर घरी जाऊन खुर्चीत बसून पाच मिनिटं करा.

हातांचं वेगळं सांगायला हवं, कारण ते कोणी आधी सांगत नाही. तासभर जाड गीची, म्हणजे ज्युदोच्या पोशाखाची, कॉलर आणि बाही धरून ओढल्यावर बोटं आखडतात. घराचं कुलूप उघडताना किल्ली फिरत नाही. झोपेतही मूठ अर्धी वळलेली राहते आणि सांधे ठसठसतात. बोटांच्या पेरांवरची सालटं निघालेली असतात, त्यांना पाणी लागलं की झोंबतं. बादलीत सोसेल इतकं गरम पाणी घेऊन दोन्ही पंजे बुडवा आणि पाण्यातच सावकाश उघडा, मिटा. यानं बोटं सुटतात आणि आणखी एक काम होतं. हातापायांच्या कातडीकडे रक्त वाढलं की शरीरातली आतली उष्णता बाहेर पडते. कोमट ते गरम पाण्याची आंघोळ झोपेला मदत करते ती याचमुळे, पण ती झोपायच्या तास-दोन तास आधी झालेली बरी. म्हणजे घरी पोहोचल्या पोहोचल्या आंघोळ, मग जेवण. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी रात्री दहालाही तापलेलं असतं, तेव्हा गीझरच्या भानगडीत पडायला नको.

जेवणाची खरी अडचण मेसमध्ये जेवणाऱ्यांना. बऱ्याच मेस नऊ-साडेनऊला ताटं उचलतात. मग क्लास सुटल्यावर गाडीवर भुर्जीपाव, किंवा चीज घातलेलं काहीतरी, आणि वर थंड पेय. पोट भरतं, पण आडवं झालं की घशाशी येतं. दुपारीच मेसच्या काकूंना सांगून डबा बाजूला काढून ठेवायला लावा. सांगितलं तर ठेवतात. वरणभात, मुगाची खिचडी, पोळीबरोबर एखादं उकडलेलं अंडं किंवा पनीर एवढं पुरतं. साडेसहाला केळं आणि दाण्याचा लाडू खाल्ला असेल तर रात्री वाघासारखी भूकही लागत नाही. उपाशी मात्र झोपू नका. वजन उतरवायच्या नादात काही मुलं तेही करतात आणि मग पहाटे तीनला पोटात खड्डा पडून जागी होतात.

पाणी क्लासच्या मध्येमध्ये आणि लगेच नंतर प्या. अकरा वाजता लिटरभर ढोसलं तर दोनला उठावं लागणारच. मीठ-लिंबू घातलेलं सरबत चांगलं. ताकही चालतं, पण रात्री ताक म्हटल्यावर घरात आजी असेल तर वाद होईल. तो ज्याचा त्याने निस्तरावा.

चहाबद्दल मी थोडी कडक आहे. ऑफिसातून थेट येणारे सात-साडेसातला अमृततुल्यवर थांबतात, 'जरा तरतरी येते' म्हणून. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. सातच्या चहाचा निम्मा अंमल मध्यरात्री शिल्लक असतो. छोटा कप असेल तर फार बिघडत नाही. खरं प्रकरण आहे प्री-वर्कआउटच्या, म्हणजे व्यायामाआधी तरतरीसाठी घ्यायच्या पावडरच्या, डब्यांचं. त्याच्या एकाच चमच्यात कित्येकदा २०० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा जास्त कॅफीन असतं. २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन घेतलेल्यांची झोप तासाभराहून जास्त घटली होती. रात्री आठच्या क्लासला ती पावडर घेऊन येणाऱ्याला मी झोपेवर सल्ला देतच नाही. आधी डब्यामागचं लेबल वाचून ये म्हणते. शनिवारी क्लासनंतर बिअर घेणाऱ्यांनाही एवढंच, की डोळा लवकर लागतो, पण नंतरची झोप तुटक होते.

हे सगळं केलं तरी एक गोष्ट जागं ठेवते: डोक्यात चालू राहणारी झटापट. 'त्यानं बाही धरली तेव्हाच पाय टाकायला हवा होता.' त्यातच साडेदहाला ग्रुपवर कोणीतरी आजचे व्हिडिओ टाकतं. ते रात्री उघडू नका. स्वतःला पडताना बघितलं की छाती परत धडधडायला लागते, शिवाय डोळ्यांवर प्रकाश. मी उशाशी वही ठेवते आणि दोन ओळी लिहिते. काय झालं, आणि उद्या सरांना काय विचारायचं. उदाहरणार्थ, 'डावखुऱ्याने कॉलर आधी धरली. माझा उजवा हात कुठे हवा?' प्रश्न कागदावर गेला की तो रात्रभर धरून ठेवावा लागत नाही. व्हिडिओ सकाळी चहाबरोबर बघावा, तेव्हा तो शिकवतोही जास्त.

कॉट बेसिसवर राहणाऱ्यांना वरचे निम्मे सल्ले हसू आणतील. खोलीत चौघं, एकाचा ट्यूबलाइट दोनपर्यंत चालू, गणपतीच्या आधी दोन महिने कुठूनतरी ढोल-ताशाचा सराव. डोळ्यांवरची पट्टी आणि कानातले फोमचे बोळे फार महाग नाहीत. घामेजलेला गी खोलीत पसरू नका, बाल्कनीत टाका. रूममेटची झोप उडाली की तो तुमचीही उडवेल. रात्र कमी पडलीच तर दुपारी वीस मिनिटं आडवं व्हा. या गावात वामकुक्षीला कोणी हसत नाही. सकाळी उठायची वेळ मात्र रोजची तीच ठेवा, रविवारीसुद्धा फार पुढे सरकवू नका.

दुखऱ्या खांद्यावर झोपू नका. दुसऱ्या कुशीवर वळून दुखरा हात उशीवर टेकवा. झोप लागावी म्हणून रोज वेदनाशामक गोळी घेणं बंद करा, दुखणं तेवढं असेल तर डॉक्टर गाठा. आणि डोकं आपटलं असेल तर वरचं काहीच लागू नाही. डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली, बोलण्यात गोंधळ झाला किंवा विचित्र गुंगी आली, तर 'दमलाय, झोपू दे' म्हणून सोडू नका, त्याच रात्री हॉस्पिटलला न्या. खोलीतल्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आठवड्यातल्या तीन-चार रात्री, आणि तेही तीन महिने, अशाच जात असतील तर तो निद्रानाश झाला; त्याला डॉक्टर हवा. त्याआधी एक सोपा उपाय करून बघता येतो, तो म्हणजे सकाळची बॅच. काहींचं शरीर रात्रीच्या रँदोरीला जुळतच नाही. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना तर मी पहिल्याच दिवशी सकाळचं विचारते. रात्रीचीच घ्यावी लागणार असेल तर फी भरण्याआधी दोन दिवस नुसतं बसून बघा. शेवटची झटापट किती वाजता संपते, त्यानंतर अंग थंड करायला वेळ देतात की थेट दिवे बंद करतात, आणि हॉलपासून घरापर्यंत रात्री किती वेळ लागतो. यावरून तुमचे साडेअकरा जमतील की साडेबारा होतील, ते तिथेच कळतं.