जुन्या पुस्तकांतला विद्युतप्रभार कूलोममध्ये कसा आणायचा

जुन्या शोधनिबंधातला प्रभाराचा आकडा हाती आला की लगेच गुणाकाराला बसू नका. आधी तो कोणत्या पद्धतीतला आहे ते ठरवा. सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद मापनात प्रभाराची दोन वेगळी एककं होती: स्थितिक विद्युतवरून आलेलं स्टॅटकूलोम (यालाच फ्रँकलिन म्हणतात) आणि विद्युतचुंबकीय मापनातून आलेलं ॲबकूलोम. एक ॲबकूलोम म्हणजे सुमारे 3 × 10¹⁰ स्टॅटकूलोम, म्हणजे सेंटिमीटर प्रति सेकंदातल्या प्रकाशवेगाइतका आकडा. एकाच्या जागी दुसरं धरलं तर उत्तर दहा शून्यांनी चुकतं.

अडचण अशी की जुने लेखक बहुतेक वेळा एककाचं नाव लिहीतच नाहीत. नुसतं 'ई.एस.यू.' (स्थितिक विद्युत एकक, प्रभारासाठी स्टॅटकूलोम) किंवा 'ई.एम.यू.' (विद्युतचुंबकीय एकक, प्रभारासाठी ॲबकूलोम) लिहितात, आणि तेही प्रभार, विभव, धारा या सगळ्यांना सारखंच. म्हणून त्याच लेखातली सूत्रं बघा. दोन प्रभारांमधलं बल 'प्रभारांचा गुणाकार भागिले अंतराचा वर्ग' असं डाइनमध्ये (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीतलं बलाचं एकक) दिलं असेल, तर प्रभार स्टॅटकूलोममध्ये आहे. चुंबकीय क्षेत्र गाउसमध्ये असून फिरत्या प्रभारावरच्या बलाच्या सूत्रात प्रकाशवेगाने भागलं असेल, तरीही स्टॅटकूलोमच. तोच भागाकार नसेल, तर ॲबकूलोम. बलाच्या सूत्रात छेदात 4π दिसला तर ती हेविसाइड-लॉरेंट्झ पद्धत. तिथला आकडा आधी √4π ने, म्हणजे 3.5449 ने भागा, मग तो स्टॅटकूलोम होतो.

पद्धत ठरली की गुणक हे:

1 स्टॅटकूलोम = 3.33564 × 10⁻¹⁰ कूलोम
1 कूलोम = 2.99792458 × 10⁹ स्टॅटकूलोम
1 ॲबकूलोम = 10 कूलोम
1 ॲम्पिअर-तास = 3600 कूलोम
1 फॅरॅडे (एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार) = 96,485.33 कूलोम

दुसऱ्या ओळीतला आकडा 2019 पर्यंत तंतोतंत होता. त्या वर्षी 20 मे पासून ॲम्पिअरची (एका ॲम्पिअरने सेकंदात एक कूलोम वाहतो) व्याख्या बदलली, पण पहिल्या नऊ अंकांत त्याने फरक पडत नाही. तो 3 × 10⁹ असा मात्र धरू नका. फरक जेमतेम 0.07 टक्के आहे, पण चार अंकांच्या मापनात तो दिसतो.

उदाहरण घेऊ. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनने 1913 मध्ये इलेक्ट्रॉनचा प्रभार 4.774 × 10⁻¹⁰ ई.एस.यू. असा दिला. 4.774 × 3.33564 = 15.924, घातांकांची बेरीज −20, म्हणजे 1.592 × 10⁻¹⁹ कूलोम. आजचा आकडा 1.602176634 × 10⁻¹⁹ आहे. 0.6 टक्क्यांची ही तफावत रूपांतरातली नाही: मिलिकनने हवेची श्यानता किंचित कमी धरली होती. रूपांतर करताना मूळ मापन 'दुरुस्त' करायचा मोह टाळा, आणि मूळ आकड्यात चार सार्थ अंक असतील तर उत्तरातही चारच ठेवा.

आता ई.एम.यू.चं उदाहरण. इलेक्ट्रॉनच्या प्रभार-वस्तुमान गुणोत्तराचा आकडा जुन्या पुस्तकांत 1.76 × 10⁷ ई.एम.यू. प्रति ग्रॅम असा सापडतो. 10 ने गुणून कूलोम, 1000 ने गुणून प्रति किलोग्रॅम: 1.76 × 10¹¹. इथे चुकून स्टॅटकूलोमचा गुणक लावला तर उत्तर येतं साधारण 5.9 कूलोम प्रति किलोग्रॅम. म्हणूनच इलेक्ट्रॉनचे आकडे दोन्ही पद्धतींत पाठ असावेत: 4.803 × 10⁻¹⁰ स्टॅटकूलोम, 1.602 × 10⁻²⁰ ॲबकूलोम. प्रत्येक रूपांतर त्यांच्याशी ताडून बघता येतं.

फॅरॅडेमध्ये एक छुपा खड्डा आहे. 1961 मध्ये कार्बन-12 वर आधारलेले अणुभार एकमताने स्वीकारले गेले. त्याआधी रसायनशास्त्रज्ञ नैसर्गिक ऑक्सिजनला 16 धरत आणि भौतिकशास्त्रज्ञ ऑक्सिजन-16 ला. त्यामुळे रासायनिक मापनात फॅरॅडे 96,495.7 कूलोम आणि भौतिक मापनात 96,521.9 कूलोम येतो. विद्युतअपघटनाची जुनी, काटेकोर मापनं वाचताना हे महत्त्वाचं. शाळेतल्या गणितात 96,500 पुरतं.

1948 पूर्वीच्या प्रयोगशाळांचे 'आंतरराष्ट्रीय कूलोम' हा तसाच बारीक मामला आहे. 1908 च्या लंडन परिषदेत आंतरराष्ट्रीय ॲम्पिअर सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून सेकंदाला 0.00111800 ग्रॅम चांदी जमवणारा म्हणून ठरला होता. रूपांतरासाठी 1 आंतरराष्ट्रीय कूलोम = 0.99985 कूलोम घ्या. अमेरिकी नोंद असेल तर 0.999835. पाच अंकांपेक्षा कमी नेमकेपणा असलेल्या मापनात हे सोडून दिलं तरी चालेल.

प्रभार दुसऱ्या एककात दडलेला असला, तर त्याचेही तुकडे करा. डिबाय (रेणूच्या द्विध्रुव आघूर्णाचं एकक) म्हणजे 10⁻¹⁸ स्टॅटकूलोम-सेंटिमीटर, 3.33564 × 10⁻¹⁰ आणि सेंटिमीटरचा 10⁻² लावला की 3.33564 × 10⁻³⁰ कूलोम-मीटर. राँटजेन (क्ष-किरणांच्या माऱ्याचं एकक) म्हणजे 0.001293 ग्रॅम कोरड्या हवेत 1 स्टॅटकूलोम, 3.33564 × 10⁻¹⁰ ला 1.293 × 10⁻⁶ किलोग्रॅमने भागा, 2.58 × 10⁻⁴ कूलोम प्रति किलोग्रॅम येतं. इथे लोक हमखास ग्रॅमचे किलोग्रॅम करायला विसरतात.