धरणातल्या होडीसाठी फिश फायंडर आणि जीपीएस कसे निवडावे

उकाईच्या फुगवट्यात नवापूरकडे, सरदार सरोवराच्या पाण्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे किंवा हतनूरवर जाळी टाकणाऱ्याने खोल समुद्रासाठी बनवलेले महागडे यंत्र घेण्याचे कारण नाही. फिश फायंडर पाण्यात ध्वनिलहर सोडतो आणि तिच्या प्रतिध्वनीवरून तळ व मासे पडद्यावर दाखवतो. ५० किलोहर्ट्झची ध्वनिलहर शेकडो मीटर खोल जाते, पण चित्र ढोबळ देते. आपल्या धरणांना २०० किलोहर्ट्झ पुरेसे आहे. खाली पसरत जाणारा ध्वनिलहरींचा झोत, म्हणजे शलाका, २० अंशांची असेल, तर ३० मीटर खोलीवर ती सुमारे साडेदहा मीटर व्यासाचे वर्तुळ पाहते, त्यामुळे पडद्यावर दिसलेला मासा नेमका होडीखालीच आहे असे समजू नये. खडकाळ तळाचा पट्टा जाड आणि ठळक, तर गाळाचा फिका दिसतो. हा फरक स्पष्ट दाखवणारा रंगीत पडदाच घ्यावा, आणि तो भर उन्हात वाचता येतो का, हे दुकानाबाहेर नेऊन पाहावे.

ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनिलहर सोडणारा आणि प्रतिध्वनी टिपणारा भाग, होडीच्या मागच्या फळीवर, इंजिनाच्या पंख्याच्या बुडबुड्यांपासून दूर आणि कायम पाण्याखाली राहील असा बसवावा. बारा व्होल्टच्या बॅटरीच्या तारेत फ्यूज हवाच.

जीपीएसमधले तयार सागरी नकाशे इथे निरुपयोगी ठरतात. त्यापेक्षा होडी फिरेल तशी खोली स्वतः नोंदवणारे यंत्र निवडावे आणि जाळी अडकवणारी बुडालेली झाडे, जुन्या घरांचे चौथरे त्यात खुणेने साठवावेत. पावसाळ्यानंतरची खोली उन्हाळ्यात उरत नाही, म्हणून प्रत्येक नोंदीसोबत तारीख आणि त्या दिवशीची धरणाची पाणीपातळी वहीत लिहावी.