स्की रेसच्या कोर्स क्रूमधे व्हॉलंटियर जाताय? आधी या चुका टाळा

शाळेच्या ग्रुपवर एकाने विचारलं, गुलमर्गला स्की शिकायचे दोन कोर्स झालेत, आता युरोपात वर्ल्ड कप रेसला जायचंय, कोर्स क्रूचा, म्हणजे रेसचा उतार तयार करून राखणाऱ्या टीमचा, फॉर्म भरू का. मी झ्युरिकला नोकरीला होते तेव्हा दोन सीझन हे काम केलंय, आता परत परळला येऊन पंख्याखाली बसलेय, तर एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिली चूक फॉर्म भरतानाच होते. कोर्स क्रू म्हणजे फुकटात रेस बघायची जागा नव्हे. रेसचा उतार मऊ बर्फाचा नसतो, त्यात पाणी सोडून तो गोठवतात, कारण मऊ राहिला तर पहिल्या दहा जणांतच चर पडतात आणि मागून येणाऱ्याला रेस उरतच नाही. आपला आरिफ खान २०२२ ला बीजिंग ऑलिम्पिकमधे जायंट स्लॅलमला (रोवलेल्या पोलांमधून वळणं घेत उतरायची रेस) ४५ वा आला, असल्या मागच्या नंबरांच्या लोकांना नीट उतार मिळतो तो क्रूमुळे. तर अशा काचेसारख्या उतारावर पाठीला पोलसाठी भोकं पाडायचं ड्रिल आणि खांद्यावर पोलचा भारा घेऊन उभं राहता आलं पाहिजे. जमत नसेल तर फॉर्मवर सरळ तसं लिहा, खाली फिनिशला, बिब (स्पर्धकांचे नंबर) वाटायला पण माणसं लागतातच. आणि निघायच्या आधी स्कीच्या एजना (खालच्या लोखंडी कडांना) धार लावून घ्या. माझ्या बोथट होत्या, पहिल्याच सकाळी मी बसूनच खाली गेले आणि जाता जाता दोन गेट (वळणावर रोवलेले पोल) सोबत नेले.

मग साईड स्लिप. स्की आडव्या धरून हळूहळू घसरत सैल बर्फ लाइनीच्या बाहेर काढायचा, इतकंच काम, पण नवीन माणूस कंटाळतो आणि मधेच एक झकास टर्न मारतो. त्या टर्नचा खड्डा ताशी शंभरने येणाऱ्याच्या पायाखाली जातो. टर्न मारायचाच असेल तर संध्याकाळी, दुसऱ्या उतारावर. सगळे एकाच पट्ट्यातून घसरले तरी गडबड, बर्फाचा ढीग नुसता खाली सरकतो आणि पुढच्या गेटपाशी जमतो, म्हणून तिरकी रांग धरून पुढच्याने ढकललेला आपण आणखी बाहेर ढकलायचा.

मिठाचं सांगते, कारण यात सगळ्यात जास्त लोक हुशारी करतात. बर्फावर मीठ टाकलं की वितळतो ना, मग रेसवर का टाकतात? कुल्फीवाला आठवा. मटक्यातल्या बर्फात तो मीठ टाकतो, थोडा बर्फ वितळतो, वितळायला लागणारी उष्णता आजूबाजूची खेचतो आणि आतलं दूध गोठतं. इथे तेच, वरचा ओला थर थोडा वितळतो आणि त्याच्या खालचं पाणी गोठून पृष्ठभाग कडक होतो. पण त्यासाठी बर्फात ओल हवी, कोरड्या थंड बर्फावर मीठ नुसतं पडून राहतं. परिणाम दिसत नाही म्हणून आणखी दोन मुठी टाकल्या, मग ऊन आलं, की झाला चिखल. एकदा टाकलेलं मीठ परत उचलता येत नाही. चीफ ऑफ कोर्स, म्हणजे उताराचा प्रमुख, सांगेल तेव्हा, सांगेल तिथे, सांगेल तेवढंच.

गेटचा पोल उडाला तर तो ‘साधारण तिथेच’ लावायचा नसतो. जागेवर रंगाची खूण असते, अगदी त्या खुणेवरच. भोक सैल झालं असेल तर ओला बर्फ ठासून भरा, मग पोल फिरवून घट्ट करा, हलवून बघा. खूण पुसट झाली असेल तर रेसच्या आधीच परत मारून ठेवा, रेस चालू झाल्यावर नुसती आठवण कामाला येत नाही.

उताराच्या कडेला पडणाऱ्याला अडवायला लावलेल्या जाळ्यांचं मात्र गांभीर्याने घ्या. दोन जाळ्या जिथे जुळतात तिथे कौलांसारखं असतं, वरची रेसच्या बाजूला, खालची तिच्या मागे, म्हणजे घसरत येणारा सांध्यात अडकत नाही. उलटं लावलं की तिथे खिसा तयार होतो. जाळीचे पोल जाळीच्या मागे, रेसच्या बाजूला नाही. रात्रीत बर्फ पडला की जाळीची खालची कड गाडली जाते आणि उंची कमी होते, सकाळी ती उपसून वर घ्यावीच लागते, हात कितीही गारठलेले असले तरी. १९९१ ला स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनच्या लाउबरहॉर्न रेसच्या ट्रेनिंगमधे गेर्नोट राइनस्टाडलर या ऑस्ट्रियन स्कीअरची स्की जाळीत अडकली आणि तो गेला. आमच्या ग्रुपलीडरने जाळ्या दाखवताना पहिलं हेच सांगितलं होतं.

आता आपली खास मुंबईची चूक. मंडळात वाढलेले आपण, कुठे काही पडलेलं दिसलं की कोणाला न विचारता धावतो. इथे धावायचं नाही. लाउबरहॉर्नचा डाउनहिल (सगळ्यात वेगाची रेस) जवळपास साडेचार किलोमीटरचा, मधे तर कोर्स चक्क रेल्वेच्या खालून जातो, अंधेरी सबवे समजा, फक्त पाणी तुंबत नाही. पूर्ण उतरायला अडीच मिनिटं लागतात आणि नियमाप्रमाणे दोन स्पर्धकांत कमीत कमी ४० सेकंद, म्हणजे एकाच वेळी कोर्सवर एकाहून जास्त जण असू शकतात. एक गेला म्हणजे मोकळं, असं समजून पाय टाकणं म्हणजे एक लोकल गेली म्हणून रूळ ओलांडायचे आणि दुसऱ्या लाइनीवर फास्ट. स्लॅलममधे (जवळजवळ लावलेल्या गेटांची छोटी रेस) तर दोघांतलं अंतर ठरावीकही नसतं. वर बघा, रेडिओ ऐका, मग आत, आणि पुढची ‘कोर्स!’ (स्कीअर येतोय) आरोळी आली की हातातलं काम अर्धं टाकून बाहेर. कोणी पडलं तर उचलायला पळू नका, आधी रेडिओवर ‘स्टार्ट स्टॉप’, म्हणजे वरून पुढचा सुटत नाही. जो आधीच सुटलाय त्याला पिवळा झेंडा दाखवतात, तो लगेच थांबला तर त्याला परत धाव मिळू शकते, त्यामुळे झेंडा दाखवायला लाजू नका, पण ज्याला नेमलंय त्यानेच दाखवायचा.

बाकी किरकोळ. कॉटनची बनियन घालू नका, जाळ्या ओढताना घाम येतो आणि नंतर दोन तास उभं राहिलात की तोच घाम बर्फ होतो. ग्लोव्हजचे दोन जोड. गॉगल घामट कपाळावर सरकवला की धुकं धरतो, गळ्यात ठेवा. फोन आतल्या खिशात, थंडीत बॅटरी बसते. इन्शुरन्समधे स्कीइंग लिहिलेलं आहे का बघा, आणि व्हॉलंटियर कामाला कुठला व्हिसा चालतो ते वकिलातीला आधीच विचारा, ग्रुपवर नाही.

शेवटचा स्पर्धक उतरला की निम्मे लोक फिनिशला फोटो काढायला जातात आणि किलोमीटरभर जाळ्या सोडवायला तेच आठ जण उरतात. विसर्जनानंतर मांडव उतरवायला किती जण असतात, तेवढेच. थांबा. आणि जाळी गुंडाळायच्या आधी झटकून बर्फ काढा, नाहीतर ती गोठून पाटा होते आणि उद्या दुसऱ्या रेसला उलगडत नाही, हे मी स्वतः केलंय आणि सकाळी सहाला गरम पाण्याची बादली घेऊन मीच उभी होते.