धूळ फिल्टरवर हवी, भिंतीवर नव्हे: सॅम्पलिंग करताना या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेलच्या शेडमध्ये पाळी सुटल्यावर कामगाराच्या कॉलरला हवेतली धूळ मोजण्यासाठी लावलेला सायक्लोन उघडून बघा. हवा गरगर फिरवून जाड कण तळाच्या डबीत पाडायचे आणि बारीक धूळ फिल्टरवर पाठवायची, हे त्याचं काम. तोंडाशी सुताची लव अडकलेली असते, आत सायझिंगच्या (सुताला लावायच्या) खळीचा पांढरा थर धरलेला असतो. तोच सायक्लोन तसाच दुसऱ्या दिवशी लावला, तर हवेची वाट अरुंद होते, कणांची निवड बिघडते आणि अहवालातला आकडा खोटा ठरतो. त्या आकड्यावर माणसाच्या छातीचा निर्णय होतो, म्हणून हे मनावर घ्या.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे कॉम्प्रेसरची हवा मारून साफसफाई. मागावर मारतात तीच नळी सायक्लोनवर धरली जाते. त्या हवेत तेल आणि पाणी असतं. तेलकट भिंतीला पुढची धूळ आणखी चिकटते. शिवाय उडालेली धूळ शेजारच्याच्या नाकात जाते. सायक्लोन सुटा करा, सौम्य साबणाच्या पाण्यात धुवा, स्वच्छ पाण्याने खळबळा आणि पूर्ण कोरडा होऊ द्या. तळाची डबी प्रत्येक नमुन्यानंतर रिकामी करा. ओ-रिंगला (जोडावरच्या रबरी कड्याला) चीर दिसली तर लगेच बदला.

सायक्लोन कधीही उलटा करू नका. हवा ओढणारा पंप काढताना घाईत तो आडवा-उलटा होतो, डबीतले जाड कण फिल्टरवर पडतात आणि वजन उगाच वाढतं.

हवेचा प्रवाह तपासताना नुसता पंप तपासून भागत नाही. फिल्टर, कॅसेट (फिल्टर धरणारं खोकं), सायक्लोन सगळं जोडून तपासा. १० मिलिमीटरच्या नायलॉन सायक्लोनला मिनिटाला १.७ लिटर लागतात, ॲल्युमिनियमच्याला २.५. शेवटी पुन्हा मोजा. फरक ५ टक्क्यांहून जास्त असेल तर नमुना बाद. श्वसनयोग्य (फुफ्फुसात खोल जाणारी) धूळ फिल्टरवर २ मिलिग्रॅमच्या वर गेली की फिल्टर तुंबू लागतो. धूळ जास्त असेल तिथे पाळीत दोन-तीन फिल्टर बदला.

उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत साध्या प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि कण भिंतीला चिकटतात. शक्य तिथे वीजवाहक कॅसेट घ्या.

सूतगिरणीत कापसाच्या धुळीसाठी उभा एल्युट्रिएटर (हवा वर ओढून जड तंतू खाली ठेवणारं नळकांडं) वापरतात, प्रवाह मिनिटाला ७.४ लिटर. त्याच्या खालच्या तोंडाशी तंतूंचं जाळं विणलं जातं. पाळीच्या मध्ये टॉर्च मारून बघा. जाळं दिसलं तर वेळ नोंदवा, तो नमुना थांबवा आणि यंत्र धुऊन नव्या फिल्टरने सुरू करा.